हातोडीचा आवाज कुठे गेला?

दार लावून घ्या. पंखा एकवर ठेवा, घसा ताणून बोलायची मला हौस नाही. लॅपटॉप मिटा. हो, मागच्या बाकावरच्या महाराजांनीसुद्धा.

काल तुमचं सादरीकरण झालं. टाळ्या पडल्या, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली, कुणीतरी 'अभिनव' हा शब्दही वापरला. मी गप्प बसले. चारचौघांत आपल्याच पोरांची अब्रू काढू नये, एवढी रीत मला कळते. आज चारचौघं नाहीत.

विषय चांगला निवडलात, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे चांगलं असं फारसं काही निघणार नाही. कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची वस्ती. हंडे, घागरी, बंब घडवणारी घरं. आता त्यातली काही शोभेच्या वस्तूही करतात. सोन्यासारखा विषय हाती आला होता. आणि त्याचं तुम्ही काय केलंत?

'कथा एक, माध्यमं पाच' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंत. मोजते मी. चाळीस सेकंदांची एक रील, इन्स्टाग्रामवर. तीच रील दोन्ही बाजूंना धूसर पट्टे ठेवून यूट्यूबवर. तीच फेसबुकवर. तिच्यातला आवाज तेवढा सोलून काढला आणि त्याला नाव दिलं पॉडकास्ट. तेच निवेदन टाइप केलं आणि त्याला म्हटलं लेख. वर एक भित्तिपत्रक, त्यावर क्यूआर कोड. तो स्कॅन केला की उघडतो त्याच भित्तिपत्रकाचा फोटो. मी दोनदा स्कॅन करून पाहिला. मला वाटलं, माझाच फोन बिघडला.

पाच पंगती उठवल्याचा मान मिरवताय आणि पाचही पंगतींना वाढलंत ते एकच गार पिठलं. ज्यानं पहिल्या पंगतीत खाल्लं, त्यानं दुसऱ्या पंगतीला कशासाठी बसायचं? या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. 'रीच वाढते, मॅडम.' वाढते ना. घंटागाडीचं गाणंही रोज सकाळी घराघरांत पोचतं. ते ऐकायला कोणी गॅलरीत येऊन बसत नाही.

तुमचा तो पॉडकास्ट मी बसमध्ये ऐकला, इअरफोन लावून. दुसऱ्याच वाक्याला निवेदक म्हणतो, 'इथे तुम्ही पाहू शकता.' काय पाहू? मला समोरच्या गृहस्थांची पाठ दिसत होती. पुढे म्हणतो, 'स्क्रीनवर दिलेल्या क्रमांकावर संपर्क साधा.' घरी येऊन लेख वाचला. त्यात 'वरील दृश्यात दाखवल्याप्रमाणे'. वर दृश्य नव्हतं, तुम्हा पाच जणांची नावं होती. तुमच्यातल्या एकानंही स्वतःचं काम ऐकणाऱ्याच्या कानानं ऐकलं नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यानं वाचलं नाही. अपलोड झालं की नाही, एवढंच पाहिलंत.

हे हसण्यावारी गेलं असतं. ज्यानं मला रात्री झोप लागली नाही, ते वेगळंच आहे.

तांबट आळीत पाय ठेवायच्या आधी तांबट आळी ऐकू येते. मठारकाम म्हणजे काय, हे तरी नीट समजून घेतलंत का? लोखंडी दांड्यावर भांडं ओणवायचं आणि हातोडीनं ओळीनं ठोके द्यायचे, एकाला लागून दुसरा, सबंध अंगभर. त्यानं तांब्याचा पत्रा कडक होतो, भांड्याला बळ येतं आणि प्रत्येक ठोक्याचा खळगा आरशासारखा चकाकतो. ठोक्याची लय म्हणजेच ती कला. तिचा निम्मा भाग डोळ्यांसाठी आहे आणि निम्मा कानांसाठी. आणि त्या आवाजावर तुम्ही कुठलंसं फुकटात मिळणारं झोपाळू संगीत चढवलंत! रीलमध्ये हातोडी पडताना दिसते आणि ऐकू येतो पियानो. पॉडकास्टमध्येही तोच पियानो. हातोडीचा एक ठोका नाही. तांबटांवरचा पॉडकास्ट, आणि त्यात तांबं वाजत नाही! कीर्तनाला जाऊन टाळ बाहेर ठेवून यावेत, तसं झालं हे.

आता जरा सरळ बसा. मी तुमचं कच्चं चित्रण पाहिलं. सगळं, दोन तास दहा मिनिटं. माझी खात्री आहे, तुमच्यातल्या कुणीही ते सलग पाहिलेलं नाही. एक तास चार मिनिटांच्या आसपास ते तांबट काका काम थांबवून म्हणतात की ठोका चुकला तर आधी कानाला कळतं, डोळ्याला मागाहून. आणि लगेच हसतात. म्हणतात, आता मला मात्र हाताला कळतं, कारण उजवा कान गेला. आयुष्यभर हातोडीजवळ बसून गेला. मग तुमच्यातला एक जण त्यांच्या उजव्या बाजूनं पुढचा प्रश्न विचारतो. ते म्हणतात, 'काय?' पुन्हा विचारतो. पुन्हा 'काय?' तिसऱ्यांदा ते मान वळवून डावा कान पुढे करतात.

हे सगळं तुम्ही कापलंत. का, तर 'फ्लो तुटत होता'.

अरे, तीच तर गोष्ट होती! ज्या माणसाची कला कानावर उभी आहे, त्या कलेनंच त्याचा कान घेतला. हे चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये मावणार नव्हतं, मान्य. पण ते ऐकण्याच्या माध्यमात किती मावलं असतं! बारा मिनिटांचा कार्यक्रम. सुरुवातीला एक मिनिटभर कुणीही बोलायचं नाही, फक्त आळी वाजू द्यायची. मग काका. मग त्यांचं ते तीनदा 'काय?'. ऐकणाऱ्याला आपोआप उमगलं असतं, निवेदकानं तोंडही उघडायला नको होतं. आणि रीलनं काय करायचं होतं? फक्त हात दाखवायचे होते. हात, हातोडी, खरा आवाज, आणि शेवटी काका मान वळवून डावा कान पुढे करतात तिथे तोडायचं. बघणारा विचारणारच, हे असे का वळले? त्याचं उत्तर पॉडकास्टमध्ये. याला म्हणतात जोडणं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला माणसाला कारण लागतं. 'आमच्या सर्व चॅनेल्सना भेट द्या' हे कारण नव्हे. ती याचना आहे.

पहिल्या स्लाइडवर हेन्री जेन्किन्स यांचा फोटो लावला होतात. फोटो छान होता. त्यांचं 'कन्व्हर्जन्स कल्चर' हे २००६ सालचं पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. मी काल जाऊन पाहिलं, तुमच्यापैकी एकाच्याही नावावर ते कधी गेलेलं नाही. नेलं असतंत तर कळलं असतं की त्यांचं सारं म्हणणं तुमच्या उलट आहे. प्रत्येक माध्यमानं कथेत स्वतःची भर घालावी, जे त्याला उत्तम जमतं ते करावं, असं ते सांगतात. त्यांचं आवडतं उदाहरण 'द मेट्रिक्स'चं. २००३ साली एका छोट्या ॲनिमेशनपटात एक पात्र जिवावर उदार होऊन टपालपेटीत एक पाकीट टाकतं. ते पाकीट टपाल कार्यालयातून सोडवून आणायचं काम व्हिडिओ गेम खेळणाऱ्याच्या वाट्याला येतं. आणि चित्रपट सुरू होतो तेव्हा त्यातला निरोप पोचलेला असतो. एक पाकीट, तीन माध्यमं, आणि तिन्हींत वेगळं काम. मात्र त्यातही खोट होती. ज्यांनी नुसता चित्रपट पाहिला, त्यांना काही धागे सुटल्यासारखे वाटले. तेव्हा दुसरी अटही लक्षात ठेवा. प्रत्येक दार घरात उघडलं पाहिजे. एका दारातून आलेल्याला 'आधी पलीकडच्या दारानं जाऊन या' म्हणून हाकलायचं नाही.

पण अमेरिकेपर्यंत कशाला गेलात, हेच मला कळत नाही. ही विद्या तुमच्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर झालेली आहे.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी. शनिवारी, रविवारी तेच पुन्हा. वर्षभरात ५६ गाणी. आता बघा, रेडिओवर त्याचं रूप काय होतं? निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे गळे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक. रेडिओवर चेहरा नसतो, म्हणून पात्र ओळखायला गळा वेगळा हवा. आणि दोन गाण्यांच्या मधला प्रवास निवेदनातून. पुढे १९५७ च्या विजयादशमीला भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं ती गीतं निवेदनासह पुस्तकात छापली. पुस्तकानं काय केलं? जे कानावरून वाहून जात होतं, ते थांबवलं. शब्द बोटानं धरून वाचता आला, पाठ करता आला. आणि मग बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, एकट्यानं ते मंचावर नेलं. रेडिओवर अनेकांनी गायलेलं रामायण इथे एकाच माणसानं उभं करायचं होतं. मग पात्रं वेगळी दाखवायची तर गळ्याऐवजी शब्दफेक, थांबा, भाव. गाणी तीच. पण रेडिओची नक्कल पुस्तकानं केली नाही आणि पुस्तकाची नक्कल मंचानं केली नाही. लोकांनी रेडिओ ऐकला, पुस्तकही घेतलं, तिकीट काढून कार्यक्रमालाही गेले. त्यांना कोणी सबस्क्राइब करा म्हणून विनवलं नव्हतं.

तू मान हलवतोयस, म्हणजे मनात म्हणतोयस की गदिमा आणि बाबूजी होते, आमच्याकडे कुठे? बरोबर. म्हणून दुसरं सांगते, ज्यात एकही मोठं नाव ऐकण्यासारखं नाही, आणि माझ्या मते तेच जास्त थोर आहे.

१९५६, फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. सुमारे १५० गावं. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं एक प्रयोग केला, ग्रामीण श्रोतृमंडळांचा. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. ज्या गावात रेडिओ हीच नवलाई, तिथे पंधरा-वीस जणांचं मंडळ संध्याकाळी त्याच्याभोवती बसायचं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद. आणि इथून पुढे खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. ऐकलेल्यावर बोलायचं, भांडायचं, आपल्या गावाला यातलं काय लागू पडतं ते ठरवायचं. मग झालेल्या चर्चेचा अहवाल आणि पडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. आणि केंद्र त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायचं.

लक्षात येतंय का? आवाज पुण्यातून गावात गेला. गावात त्याची बैठक झाली. बैठकीचा कागद झाला. कागद टपालानं पुण्याला आला. आणि त्याचा पुन्हा आवाज झाला. रेडिओ, चावडी, टपाल, रेडिओ. चक्र पुरं. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ या अभ्यासकानं त्याची तपासणी केली. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं, अशी तुलना केली. मंडळांच्या गावांतल्या लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसत्या रेडिओनं ते साधलं नव्हतं. लोकांना ऐकवणं वेगळं आणि लोकांना बोलतं करणं वेगळं, हे तेव्हा मोजून दाखवलं गेलं. तुम्ही ज्याला 'एंगेजमेंट' म्हणता आणि लाल अक्षरांत आकडा लावता, ते हे.

गाडगेबाबांचं तर विचारूच नका. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. सकाळी ज्या माणसानं आपली गल्ली झाडली, तो रात्री काय बोलतो हे ऐकायला गाव जमायचंच. आणि कीर्तनात ते स्वतः किती बोलायचे? प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडून यायचं, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. खराटा आणि कीर्तन या दोन माध्यमांना जोडणारी लिंक कुठे होती? झाडलेल्या रस्त्यावर.

मी काही आईच्या पोटातून शिकून आले नाही. एका वर्तमानपत्रात होते, तेव्हा इंटरनेट आवृत्ती नवी निघाली होती. छापील मजकूर जसाच्या तसा तिथे चढवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या आठवड्यात एका आजोबांचं पत्र आलं, शाईनं लिहिलेलं. 'आपल्या संकेतस्थळावर बातमीच्या शेवटी उर्वरित पान ४ वर असे आहे. माझ्या नातवाच्या संगणकावर पान ४ कोठे असते, कृपया कळवावे.' संपादकांनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मला अजून तो आवाज आठवतो. तेव्हा चूक व्हावी यात नवल नाही, माझीही झाली. पण पंचवीस वर्षांनी तुम्ही 'वरील दृश्यात दाखवल्याप्रमाणे' लिहिता, हे काय आहे? माझी चूक नवखेपणाची होती, तुमची आळसाची आहे.

आता शेवटचं, आणि हे मी सहजासहजी माफ करणार नाही.

तुमच्या फेसबुकवरच्या पोस्टखाली एका बाईंनी लिहिलंय. त्यांच्या सासूबाईंचं तांब्याचं पातेलं आहे. कल्हई उडाली आहे, त्यात आमटी केली की कळकते. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा, भाता मांडायचा. आता कुणी येत नाही. तुमच्या व्हिडिओतले काका कल्हई करून देतील का, नाहीतर कुठे जावं? तुमच्या पाच माध्यमांतून आलेला हा एकमेव खरा प्रश्न. त्याला अकरा दिवस झाले. तुमच्यातल्या एकानं त्याला बदाम दिलाय. एकानं जोडलेले हात. आणि एका महाभागानं उत्तर लिहिलंय, 'थँक यू मॅम, लिंक इन बायो!'

त्या बाईंनी तुम्हाला पुढची गोष्ट आयती आणून दिली होती. तांबट घडवतो, कल्हईवाला राखतो. नवसागर, कथील, कापसाचा बोळा, क्षणात काळ्याचं रुपेरी. लोक भांडी का मोडीत काढतात, याचं निम्मं उत्तर त्या एका ओळीत होतं. लोकांनी तांबं टाकलं ते केवळ स्टीलच्या हौसेपायी नव्हे, कल्हई करणारा मिळेना म्हणूनही. हा लेख होता! वाचायचा, जपून ठेवायचा, पत्ता उतरवून घ्यायचा लेख. तुम्ही तिथे टाइप केलेली रील ठेवलीत. १९५६ साली गावातल्या शेतकऱ्याच्या पोस्टकार्डाला पुणे केंद्र उत्तर देत होतं, आणि तुमच्या खिशात आठवं आश्चर्य असून तुम्हाला अकरा दिवसांत एक ओळ लिहायला सवड झाली नाही.

गुण मी दिलेले नाहीत. रकाना कोरा आहे. परीक्षकांचे असतील ते असोत.

काम असं. यूट्यूबवरचं आज काढायचं, पॉडकास्ट आज काढायचा. इन्स्टाग्राम राहू दे, पण पियानो जाईल आणि हातोडी येईल. कच्चं चित्रण पाचही जणांनी एकत्र बसून पाहायचं, पुढे न सरकवता. संगीत शोधणारा जो कोणी आहे, त्यानं पहिले दोन तास आळीत नुसतं डोळे मिटून बसायचं. कुठल्या घराचा ठोका कुठला, हे मला सांगता आलं पाहिजे. भित्तिपत्रक कॉलेजच्या फलकावर कशाला? तांबट आळीच्या तोंडाशी लावा, तिथल्या लोकांना विचारून. आणि त्या कोडमधून त्याच जागेचा आवाज निघू दे, म्हणजे रविवारी, आळी बंद असताना तिथून जाणाऱ्यालाही ती ऐकू येईल. हे जमलं तर मला चकित झाल्याचा आनंद होईल. तो गेल्या दोन वर्षांत झालेला नाही.

त्याआधी त्या बाईंना उत्तर. 'लवकरच कळवतो' असं नाही. कल्हईवाला शोधा, त्याच्याकडे जा, वार विचारा, दर विचारा, मग लिहा. मला दाखवायला आणू नका, त्यांनाच पाठवा.

शनिवारी सकाळी जा, कामाची वेळ सांभाळून. कापलेल्या भागाबद्दल काकांची माफी मागा. आणि बोलायला बसाल तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसा.